बारमाही टायर आणि वर्षाचे दोन रविवार

...नाही नाही, टायर चांगले आहेत हो! टायरबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या तुम्ही त्या टायरवाल्याकडे जाल आणि म्हणाल की तो चष्मेवाला तुमच्या मालाला नावं ठेवत होता, आणि तो बिचारा माझं गिऱ्हाईक, त्याच्या नाकावरचा चष्मा माझ्या दुकानातला... तेव्हा टायर चांगले आहेत! ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो, गाडी चालते. चालते कसली, पळते! आणि तिथंच तर माझी पंचाईत झाली. अडकली असती ना गाडी त्या चढावर, चारचौघांच्या गाड्यांसारखी, तर आज मी सुखात असतो!

आता तुम्ही म्हणाल, गाडी अडकली नाही म्हणून रडणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघतोय. बघा. नीट बघून घ्या.

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक पडतं, मग तुम्ही स्टिअरिंग फिरवता एकीकडे आणि गाडी जाते भलतीकडे, अगदी लाडावलेल्या पोरासारखी. म्हणून वर्षातून दोनदा टायर बदलायचे. आता साधी गोष्ट आहे, माणसं काय करतात? गॅरेजमध्ये जातात, गाडी देतात, पेपर वाचत बसतात, झालं! आमच्यात? छे, आमच्यात असं कसं चालेल? आमच्यात सासरे आहेत!

सासरेबुवा म्हणजे निवृत्त लिफ्ट तपासनीस. आयुष्यभर लोकांच्या लिफ्टमध्ये कान लावून उभे राहिले, "ही कुरकुरते", "हिचा दोर बदला", आणि त्या नोकरीनं त्यांचा जगातल्या समस्त वस्तूंवरचा विश्वास जो उडाला तो उडालाच. आजही कुठल्याही इमारतीत जिन्यानं जातात. विचारा का. "जावईबापू, आत काय असतं ते मला माहितीये." संपलं! मग अशा माणसानं आपल्या तीन मुलींच्या तीन गाड्या परक्या हातात दिल्या असत्या? त्यांचं घर चढाच्या टोकाला, घराला गॅरेज ऐसपैस, त्यात आमच्या तिघांचे त्या-त्या वेळी नको असलेले सगळे टायर भिंतीला लावून ठेवलेले, प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं: थोरले, पुढचा डावा. मधले, मागचा उजवा. आणि हिवाळ्याच्या तोंडाशी एक रविवार, हिवाळा सरला की एक रविवार, सगळ्यांनी बायकापोरांसकट यायचं आणि टायर बदलायचे. "यायचं" म्हणजे यायचंच. आजारी असलात तर तिथं येऊन आजारी राहा!

आता बदलायचे म्हणजे कोणी? तर सासरेबुवा उपड्या खोक्यावर बसून हुकूम सोडणार: "समोरासमोरचे नट घ्या! शेजारचा नको, समोरचा!" थोरले साडू बँकेत, ते प्रत्येक टायर हातात घेऊन अजून किती वर्षं जाईल याचा हिशोब करणार. मधले साडू व्हायोलिन शिकवतात, "माझी बोटं हो, माझी बोटं!" म्हणून ते फक्त बॅटरी धरणार. भर दिवसा! लख्ख उजेडात बॅटरी! मग राहिलं कोण? हा धाकटा. तिन्ही गाड्यांखाली मी, हातात पाना मी, कंबर धरून उठणारा मी, आणि वर सासरेबुवांचं ऐकून घेणारा पण मीच: "अहो, पाना धरलाय की चष्म्याची दांडी?"

तर गेल्या उन्हाळ्यात काय झालं, माझे उन्हाळी टायर झाले गुळगुळीत. आणि नेमका त्याच आठवड्यात हा टायरवाला दुकानात आला, दूरचं दिसेना, जवळचंही दिसेना. मी नेहमीचं सुरू केलं, "साहेब, दोन-दोन चष्मे कशाला सांभाळता? हा घाला, दूरचं आणि जवळचं एकाच काचेत, काढायची कटकट नाही, घालायची कटकट नाही!" तो गालातल्या गालात हसला. चष्मा घेतला. आणि दारातून वळून म्हणतो कसा, "साहेब, मग तुम्ही दोन-दोन टायर कशाला सांभाळता? बारमाही लावा की. काढायची कटकट नाही, घालायची कटकट नाही!"

माझंच वाक्य मला विकलं हो! आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? घेतले.

आणि टायर चांगले निघाले हो! पावसात काय धरून चालते गाडी! हां, लोकांनी पिडलं, ते वेगळं. शेजारी म्हणाला, "आवाज फार करतात म्हणे." पेट्रोल पंपावर एक अनोळखी माणूस, ओळख ना पाळख, खिडकीत वाकून मला म्हणतो, "माझ्या भाच्यानं घेतले होते, फार पस्तावला!" मी विचारलं, काय झालं? म्हणतो, "ते माहीत नाही, पण पस्तावला." टायर घेतले की अख्खं गाव तुमचा मामा होतं, काय सांगू!

पण खरी गाठ घरात होती. बायकोला मोठ्या थाटात सांगितलं, की बाई, आता तो टायरबदलीचा रविवार माझ्यापुरता संपला! मला वाटलं, खूश होईल. ती हातातलं काम ठेवून खुर्चीवरच बसली. म्हणाली, "अहो, हे काय केलंत? आई गेल्यापासून बाबा त्या दोन रविवारांवर वर्ष काढतात. वाढदिवसाला कोणी ना कोणी गळतंच, कोणाची परीक्षा असते, कोणाचं ऑफिस असतं. टायरला सगळे येतात, कारण टायर बाबांच्याच गॅरेजात, न येऊन जाल कुठं! तुम्ही सुटलात की थोरले सुटतील, मग मधले. मग बाबांकडे आपण जमणार तरी कशाला?"

तुम्हाला सांगतो, हा विचार माझ्या डोक्याला शिवला पण नव्हता. मला वाटत होतं, म्हातारा आपल्याकडून फुकट काम करून घेतोय.

मग मी एक युक्ती काढली. हसू नका. माझे हिवाळी टायर त्यांच्या गॅरेजात होतेच. म्हटलं, ठरल्या रविवारी मुकाट्यानं जायचं, हे बारमाही टायर उतरवायचे, उन्हाळी म्हणून भिंतीला लावायचे आणि हिवाळी चढवायचे. म्हणजे बारा महिने चालणारे टायर विकत घेऊन सहा महिने कोंडून ठेवायचे! आहे की नाही अक्कल? त्या टायरच्या कडेला एक खूण असते, डोंगर आणि डोंगरात बर्फाची चांदणी, म्हणजे हा टायर बर्फातही चालतो; ती दिसली की चोरी उघडी. म्हणून निघण्यापूर्वी चारही टायरना हातानं चिखल फासला. बायको खिडकीतून बघत होती.

आणि नेमका त्या वर्षी बर्फ लवकर पडला! चढाच्या पायथ्याशी येतो तर काय, थोरल्यांची गाडी रस्त्यात आडवी, मधल्यांची गाडी कठड्याला नाक लावून उभी. उन्हाळी टायर ना दोघांचे! चाकं गरगर फिरतायत आणि गाडी जागची हलत नाहीये. आता शहाण्या माणसानं काय करावं? आपणही अडकावं! किमान अडकल्याचं नाटक करावं! मी काय केलं? खिडकीतून दोघांना हात केला आणि सुर्रकन वर! बायको ओरडतेय, "अहो थांबा, अहो थांबा!" पण गाडी अशी झकास चढत होती हो, मला इतका आनंद झाला, की मी चोर आहे हेच विसरून गेलो!

फाटकात सासरेबुवा. हातात फावडं.

"जावईबापू."

"बाबा."

"बर्फ पडलाय."

"हो ना, फारच."

"थोरले खाली अडकलेत."

"बिचारे."

"मधलेही."

"अरेरे!"

"मग तुम्ही कसे वर आलात?"

आता काय सांगू? माझ्या तोंडून निघालं, "हळूहळू..."

सासरेबुवांनी फावडं भिंतीला टेकवलं, खाली बसले आणि अंगठ्यानं चिखल पुसला. डोंगर निघाला. डोंगरात चांदणी निघाली. म्हटलं, आता सुटणार तोफखाना! सुटलाही थोडा. "एक ना धड, भाराभर चिंध्या! दूरचं न् जवळचं एकाच काचेत दाखवणारा माणूस दुसरं घेणार तरी काय!" इथपर्यंत ठीक होतं, याची मला सवय आहे. पण मग उठले, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता तुमचं इथं काही काम नाही."

काय सांगू तुम्हाला... इतकी वर्षं त्या रविवारापासून सुटायला धडपडत होतो, आणि सुटलो तेव्हा मनापासून वाईट वाटलं. त्या खोक्यावरून हुकूम सोडणारा म्हातारा एकदम घरात एकटाच दिसायला लागला.

पण वाईट वाटायला वेळ कुठं होता? दोन गाड्या खाली, त्यांचे हिवाळी टायर वर, आणि चढ-उतार करू शकणारं वाहन या पंचक्रोशीत एकच! मी टायर डिकीत भरतोय, खाली नेतोय, पुन्हा वर, पुन्हा खाली, सासरेबुवा खोक्यासकट माझ्या शेजारच्या सीटवर! भर रस्त्यात बर्फात टायर बदलले. मधल्यांनी बॅटरी धरली. आणि दोन्ही साडू माझ्या गाडीकडे असे बघत होते, असे बघत होते... थोरले म्हणाले, "अहो, हे भारीच आहे! उद्याच घेतो. दोन-दोन संच सांभाळणं म्हणजे तसा तोटाच." मधले म्हणाले, "मीही! माझ्या बोटांनाही आराम." अरे, तुझ्या बोटांनी केलंय काय आजवर?

मी सासरेबुवांकडे बघितलं. ते पान्याला लागलेला बर्फ पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

आणि मी सुरू झालो! "घेऊ नका! अजिबात घेऊ नका! आवाज किती करतात, शेजारी झोपत नाही! पेट्रोल पितात! लगेच झिजतात! भाचा पस्तावला!" थोरले म्हणाले, "कुणाचा भाचा?" म्हटलं, "पंपावरच्या माणसाचा!" अहो, इतके गुणी टायर, आत्ता डोळ्यांसमोर मला चार वेळा वर घेऊन गेलेले, आणि मी त्यांची अशी बदनामी करतोय! जीभ झडली नाही हेच नशीब. आणि बायको, माझं म्हणणं जिला कधीही एका फटक्यात पटत नाही ती माझी बायको, मागून म्हणतेय, "हो हो, फार आवाज करतात!"

सासरेबुवा सगळं ऐकत होते. मग आले, माझ्या पुढच्या टायरवरून तळहात फिरवला, मागच्यावरून फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, थापा नका मारू. टायर चांगले आहेत."

मग टायरपाशी वाकून म्हणाले,

"फक्त एक आहे. पुढचे लवकर झिजतात. मागचे पुढे आणि पुढचे मागे करायला हवेत. हिवाळ्यापूर्वी एकदा, हिवाळा संपल्यावर एकदा."

मी म्हटलं, "बाबा, पण दुसऱ्यांदा केले की होते तिथंच येणार!"

"येऊ देत की," म्हणाले, "होतं तिथं आणून ठेवायलाही यावंच लागतं ना माणसाला?" आणि खोकं उचलून गाडीत बसले. तुम्हाला सांगतो, वर जाईपर्यंत बाहेरच बघत होते, पण मिशीत हसत होते, मी तिरक्या नजरेनं बघितलं.

तर साडूंनी घेतलेच बारमाही टायर. दोघांनीही! आणि कालच रविवार होता. सगळे आले, कोणीही गळलं नाही. आता अख्ख्या गावात एकच कुटुंब असेल आमचं, जे सकाळपासून कंबर मोडून तीन गाड्यांचे बारा टायर काढतं आणि संध्याकाळपर्यंत तेच बारा टायर परत लावतं. "समोरासमोरचे नट!" आहेच. बॅटरी आहेच. गाड्यांखाली मी आहेच. संध्याकाळी मधले साडू गाडीत बसले, एक चक्कर मारून आले, काच खाली केली आणि मला म्हणतात, "वा! बदलल्या बदलल्या काय फरक पडतो हो! गाडी नवीन वाटतेय!"

सासरेबुवा शेजारीच उभे होते. म्हटलं, "हो ना... फारच फरक पडतो."