दोन चमचे पूड

जबाब देणारीचं नाव मार्लिस टॉर्विक, वय ६९, धंदा शाळेची बस चालवणे (सहा वर्षांपूर्वी निवृत्त), राहणार घर नंबर १४, तळ्याकाठचा रस्ता, एल्क बे, मिनेसोटा.

मी आज सोमवारी सकाळी दहा वाजता, कुणी बोलावलं नसताना ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती ऑर्विल, वय ७२, असे दोघेच राहतो. जबाब लिहून घेणारे अधिकारी ट्रॉय लुंड हे लहानपणी सहा वर्षं माझ्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसत होते. मागाहून कुणी हे उकरून काढू नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमच्या मागच्या लाकडी ओट्यावर गरम पाण्याचा टब आहे. बस चालवून माझे गुडघे कामातून गेले म्हणून तो अकरा वर्षांपूर्वी घेतला. पाण्याची सगळी उस्तवार मी करते. तपासणीची कागदी पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग डब्यावरच्या रंगाशी ताडून पाहायचा, फिका असेल तर क्लोरीनची पूड मापाच्या चमच्याने घालायची आणि झाकण उघडं ठेवून फवारे चालू करायचे, म्हणजे पूड सगळीकडे फिरते. बटण दाबलं की फवारे वीस मिनिटं चालतात व आपोआप थांबतात. एक माणूस अर्धा तास बसून उठला की एक चमचा पूड खर्ची पडते, तेवढी परत घालायची, असं माझं माप आहे. माझ्या पतींनी अकरा वर्षांत या डब्याला हात लावलेला नाही.

ऑगस्टमध्ये पतींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. टबात पाऊल ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं. मी झाकणाला कुलूप लावलं. ते बसू शकत नाहीत तर आपणही बसायचं नाही, असं मी ठरवलं आणि त्या दिवसापासून टबात उतरलेले नाही. आमच्याकडच्या थंडीत टब बंद ठेवला तर नळ्या गोठून फुटतात, म्हणून पाणी तापतं ठेवलं आणि दर रविवारी एक चमचा पूड घालत राहिले. गुडघ्यांचं काय झालं, ते अधिकाऱ्यांनी विचारलं नाही व मी सांगत नाही.

कुलपाची एक किल्ली माझ्या जुडग्यात असते. दुसरी माझी मैत्रीण लव्हॉन हॉगन, वय ६६, राहणार शेजारचं घर नंबर १६, हिच्याकडे अडीअडचणीसाठी ठेवली होती. आमचा सव्वीस वर्षांचा शेजार आहे. दोन वर्षांपूर्वी मी बहिणीकडे फार्गोला गेले तेव्हा पाण्याचं सगळं तिला शिकवलं आणि चमच्यांचं माप एका कार्डावर लिहून दिलं. ते कार्ड तिच्या फ्रिजवर लावलेलं आहे. डॉक्टर काय म्हणाले तेही मी पहिल्यांदा तिलाच सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात बसून. मला रडू आलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, रडतेस काय? आपण दोघी मिळून सांभाळू त्याला."

पुडीचा डबा यंदा पुरा हिवाळा पुरायला हवा होता. नोव्हेंबरअखेरच त्याचा तळ दिसला. मी दुकानात जाऊन, माप मारतोस म्हणून दुकानदाराला चार माणसांत बोलले. त्याची काही चूक नव्हती. त्याची माफी मागायची राहिली आहे.

दर गुरुवारी सकाळी मी चर्चच्या हॉलमध्ये बायकांबरोबर गोधड्या शिवायला जाते. गेल्या गुरुवारी परत आले तेव्हा बारा चाळीस झाले होते. दारात रुग्णवाहिका उभी होती आणि पतींना स्ट्रेचरवरून आत चढवत होते. ते पोहण्याच्या चड्डीवर होते व वर दोन पांघरुणं होती. लव्हॉन पायरीवर उभी होती. तिने लोकरीची टोपी कानांवर ओढली होती आणि टोपीखालून निघालेल्या केसांची टोकं बर्फाने कडक झाली होती. ती म्हणाली, "जेवणासाठी हॉटडिश द्यायला आले तर हा टबात मान टाकून पडलेला. लगेच फोन केला बघ मी." मी तिला मिठी मारली. हेही लिहावं.

पतींचं कानातलं यंत्र आणायला मी मागच्या ओट्यावर गेले. झाकण उघडं होतं आणि फवारे चालू होते. त्या वेळी मला काही सुचलं नाही. नंतर सुचलं. बारा चाळीसला चालू होते म्हणजे बटण बारा वीसनंतर कधीतरी दाबलं गेलं. तुमच्याच नोंदीप्रमाणे फोन बारा वाजून बारा मिनिटांनी आला व रुग्णवाहिकेची माणसं बारा एकोणीसला पोचली. त्यांनी आल्या आल्या पतींना बाहेर काढून पुढच्या दाराशी नेलं. म्हणजे ते तिथे श्वासासाठी धडपडत असताना मागे कुणीतरी शांतपणे पूड मोजत होतं.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी आले तेव्हा पट्टी बुडवून पाहिली. रंग रविवारी होता तसाच, कुणी पाण्याला शिवलंच नाही असा. नवा डबा मी रविवारी उघडला होता. तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. तीन चमचे कमी भरले. एक रविवारचा, माझा. उरले दोन. दोन चमचे म्हणजे दोन माणसं, माझ्याच अक्षरात कार्डावर लिहिलेलं आहे. मग मला ते गोठलेले केस आठवले. हॉटडिश ओट्यावर, स्वयंपाकघरात, कुठेच नव्हतं.

शुक्रवारी पती शुद्धीवर होते. मी फक्त विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, "सप्टेंबर." समोर टीव्हीवर हॉकीची मॅच चालू होती, तिकडे बघत ते पुढे म्हणाले, "मार्लिस, तुला माहीत होतं असंच सांग. कुलूप तूच काढून दिलंस म्हण. लव्हॉन एकटी बाई आहे. या वयात तिला चौकशीत ढकलू नकोस."

मी म्हणाले, "आणि मला?"

ते म्हणाले, "तू खंबीर आहेस."

पती व लव्हॉन या दोघांनीही तसंच लिहून दिल्याचं काल मला अधिकाऱ्यांकडून समजलं. मनाई माहीत असून बायकोनेच आजारी माणसाला टबात बसू दिलं, असा त्याचा अर्थ होतो. ते खोटं आहे. मला काहीही माहीत नव्हतं. माझी किल्ली गुरुवारी माझ्याजवळ, चर्चमध्ये होती. मला दोघांनी मिळून फसवलं आहे आणि मला त्याचा फार राग आला आहे. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून मी आलेले नाही. त्या पाण्यात मी माझ्या माणसाला घातलं, एवढं माझ्या नावावर कुठल्याही कागदात राहू नये, म्हणून आले.

डबा, काटा व झाकणाचं कुलूप बरोबर आणलं आहे. कार्ड शेजारी आहे, ते तुम्ही आणा.

जबाब अधिकाऱ्यांनी मला सावकाश वाचून दाखवला. वेळा, वार आणि चमचे मी सांगितले तसे उतरले आहेत. एकच दुरुस्ती आहे. लव्हॉन हॉगनच्या नावाआधी 'माझी मैत्रीण' असं लिहिलं गेलं आहे. मीच तसं बोलले असेन, सव्वीस वर्षांची सवय आहे. ते खोडून 'शेजारीण' असं लिहावं. आणखी एखादा शब्द बदलायचा आहे का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. 'पती' हा शब्द बऱ्याच ठिकाणी आला आहे. तो तूर्त राहू द्यावा.

सही: मार्लिस टॉर्विक
समक्ष: ट्रॉय लुंड