उखाचा गिझर

...नाही नाही, तुमचा पंखा राहू द्या तिथंच टेबलावर, उखा बघेल, हात चांगला आहे त्याचा, तेच तर सांगतोय, हात चांगला आहे, आन् मी याच दुकानात, याच फळीसमोर उभा राहून बोंबललो होतो की हा डुप्लिकेट माल विकतो म्हनून. मी. दगा नाव माझं. याचा सख्खा दाजी. बसा ना, पाच मिनटं.

तुम्हाला सांगतो, सुरतेत प्लेग येऊन गेला, त्यानंतर हितल्या डिंडोलीत दोन खोल्या घेतल्या. दसऱ्याला घरभरनी, सगळ्यांनी ताटं-वाट्या आनल्या, आन् ह्या उखानं, माझ्या मंदाच्या धाकट्या भावानं, गिझर आनला. कंपनीचा नाही, सोताच्या हातानं बनवलेला, आत तांब्याची टाकी, वर हिरवा रंग. अख्ख्या गल्लीत पहिला! मंदा येईल-जाईल त्याला मोरीत नेऊन नळाखाली हात धरायला लावायची, भाजलं की हसायची.

चार म्हैन्यांत गिझर बंद. आधी पानी कोमट, मग बिल डबल, मग आतून असा आवाज, जसं कोनी खडे भाजतंय... आन् एक दिवस फट्.

आता मला सांगा, पान्यावर कोन संशय घेतो? बोरचं पानी, दिसायला काचेसारखं. डाळ शिजत नव्हती, मी वान्याशी भांडलो. साबनाला फेस येईना, साबन दुकानदाराच्या अंगावर फेकला. कूलरची मोटर जाम झाली, तर शेजारच्या किसनशी तीन आठवडे बोलनं बंद, का, तर तो एकदा त्या कूलरला टेकून बसला होता. मंदाचे केस राठ झाले तर म्हनलो, तुझ्या माहेरचं तेलच तसलं. सगळ्यांवर संशय घेतला. पान्यावर कोन घेतो?

गिझर भिंतीतनं उपटला, खांद्यावर टाकला, रिक्षा बदलत बदलत कामरेजला ह्या दुकानात आलो. हितं पाच गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यापुढं दानकन आपटला. सख्ख्या बहिनीला फसवलं, भंगार गळ्यात मारलं, काय काय बोललो, आता तोंडातनं काढवत नाही.

आन् उखा? पाना घेतला, चार बोल्ट खोलले, टाकी पेपरवर उपडी केली. आतून पांढऱ्या खपल्या पडल्या. ओंजळभर. कॉईल तर चुन्यात लोळल्यासारखी. मग हळूच म्हनतो, "दाजी, हाई काय शे?"

मला विचारतो, हे काय आहे! अहो, मी पांडेसऱ्याला मिलमधी बॉयलरवर आहे. अकरा वर्सं. बॉयलर थंड झाला की आत शिरून हीच खपली छिन्नीनं काढतो. रोज सकाळी पानी मऊ करायच्या टाकीत मिठाचं पोतं मीच ओततो, नाहीतर चुना असलेलं जड पानी बॉयलर खाऊन टाकेल. नव्या मान्सांना कोन शिकवतं? मीच. काय शिकवतो? "बाबांनो, पहिला संशय पान्यावर घ्यायचा."

तेव्हाच चुकलो म्हनायचं ना? पन पाच मान्सं बघत होती हो. मी म्हनलो, "तांबंच हलकं वापरलं तू." आन् निघालो.

घरी मंदा दारातच. मी म्हनलो, माल डुप्लिकेटच होता, त्यानं कबूल केलं. कबूल केलं म्हनलो मी... ती म्हनली, "मना भाऊ असा निंघना." माझा भाऊ असा निघाला, म्हनली. आन् तिनं उखाला निरोप धाडला, आखाजीला मला न्यायला येऊ नको.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हंजे अक्षय्यतृतीयेला, भाऊ न्यायला येतोच, झोका, गानी, सगळं माहेरी. तिचे आई-बाप गेले, माहेर म्हंजे हे दुकान आन् मागची खोली. परवा आखाजी. काल बघितलं, तर पिशवीत भरलेलं कोरं पातळ ती परत पेटीत ठेवत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर भांडलो असतो, बरं वाटलं असतं.

म्हनून आज सुट्टी टाकून आलो. म्हनलो, उखा, चुकलो. तो असाच मोटरीची तार गुंडाळत होता, आत्ता गुंडाळतोय ना, तसाच, वर न बघता. म्हनतो, "दाजी, आत्ता दुकानात कोनी नाही. तेव्हा पाच जन होते."

सकाळी नऊपासून बसलोय, येईल त्या गिऱ्हाइकाला हेच सांगतोय. पहिला मिक्सरवाला, मग इस्त्रीवाल्या ताई, मग पंपवाले दोघं. त्यातल्या एका काकांना मराठी येत नाही म्हनून उखानं धरलंच नाही, परत पहिल्यापासून गुजरातीत सांगायला लावलं. तुम्ही पाचवे.

झाले ना रे उखा पाच?... काय?... ऐकलंत? म्हनतो, "आता माझ्या ताईला सांगा. ती ये म्हनली की मी न्यायला येतो."

बघा. पाच परक्यांना सांगून घसा बसला, आन् खरी सहावी डिंडोलीत बसलीय. तिच्यापुढं जीभ उचलत नाही हो माझी. बॉयलरमधी शिरतो मी, पन...

तुमचा पंखा काय आज होत नाही. असं करा ना, डिंडोलीपर्यंत येता का माझ्यासंगं? रिक्षाचं भाडं माझं. तुम्ही नुसतं म्हना, दोष पान्याचा होता. बाकीचं मी सांगतो.

...नाही, बाकीचं पन तुम्हीच सांगा.