हा एक दात घासू नकोस

हॅलो?... हो, बोल, पण पटकन. खुर्चीत एक काका तोंड उघडून बसलेत... अगं, रडू नकोस, मला काही कळत नाहीये... कोण, चिमी? दात तुटला की अख्खा बाहेर आला?... मुळासकट. समोरचा, वरचा. बरं.

आधी हे सांग, बेशुद्ध पडली होती का?... उलटी?... जबडा नीट उघडून मिटता येतोय?... छान. पोरगी शाबूत आहे. आता दाताचं बघू.

कुठंय तो?... तुझ्या हातात. आणि दुसऱ्या हातात?... ब्रश?! ठेव तो खाली आधी!... हो गं बाई, माहितीय, 'घासा, घासा' करून मीच अख्ख्या घराचं डोकं खाल्लंय. पण हा एक दात घासू नकोस. मुळावर नाजूक पापुद्रा असतो, तो खरवडला की दात परत धरत नाही... पांढऱ्या बाजूनं धर. मुळाला बोट नको... माती लागलीय? थंड दूध आहे ना? त्यात बुचकळून काढ.

हं. आता तो तिच्या हिरडीत परत बसवायचा... हो, तूच... दुधाचा असता तर नको म्हटलं असतं, पण चौदा वर्षांची घोडी झालीय ती... नाही, इथे येऊन नाही. तो जितका वेळ बाहेर राहील तितका हातातून जाईल... का नाही जमणार?

एक मिनिट. पायरीवरून पडली म्हणालीस. मग हनुवटी, गुडघे काहीच खरचटलं नाही?... नुसता ओठ फुटलाय? ऐक ना, खरं सांग. मार कसा बसला ते मला कळायला हवं... बोल...

तुझी रॅकेट.

हं... हं... दोघी एकाच शटलवर धावलात. अगं, डबल्समध्ये जोडीदाराचीच रॅकेट लागते. समोरच्याची कशी लागेल, मध्ये जाळी असते!... नाही, आत्ता बोलणार नाही तुला. नंतर बोलेन, पोटभर.

तिच्याजवळ जायची हिंमत होत नाहीये?... मग शेजारच्या काकूंना दे फोन, मी त्यांना समजावते... काय झालं? कोण ओरडलं?... चिमी?... काय म्हणाली?...

'आईच बसवेल.'

मग? बस तिच्यासमोर. फुगीर बाजू ओठाकडे ठेव... हळूच वर दाब... अजून... ओरडली तरी थांबू नकोस...

काका, तुम्ही तोंड मिटा हो, जबडा दुखेल.

बसला?... शेजारच्या दातांच्या रांगेत?... शाब्बास! दोघींना शाब्बास. आता रुमालाची घडी दातांत अलगद धरायला सांग आणि निघा. गाडी काकूंना चालवू दे... टिकेल का? खोटं कशाला सांगू, मी तो शेजारच्या दातांना बांधून देईन, पण मग वाटच बघायची. तुझ्यामुळे निदान वाट बघण्याजोगं काहीतरी उरलंय... आता कशाला रडतेस?

काय बडबडतेय ती रुमालातून?... पुढच्या वेळी तू जाळीपाशी उभं राहायचं, मागचं सगळं ती बघेल?...

ऐकलंस ना? जोडीदार बदलायचा विचारसुद्धा नाहीये तिच्या डोक्यात... हो... ये. ठेव आता फोन.