चार स्क्रूंचं काम

...चार स्क्रूंचं काम आहे म्हणाली, आणि मी फसलो ना! तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला काढली मी, खोलीएवढे पंप उघडून परत बसवले, पण पोरीच्या लॅपटॉपनं जो घाम फोडला... आणि साधासुधा नाही बरं, गेमिंगचा लॅपटॉप! कीबोर्डखाली लाल-हिरवे दिवे, नुसती गणपतीची आरास! पण भर लढाईत जागच्या जागी अडकायचा. आमची वैष्णवी कॉलेजच्या टीममधून खेळते. सेमीफायनलला समोर शत्रू उभा, आणि हिची स्क्रीन ठप्प! कॅप्टन ओमनं सांगून टाकलं, "रविवारी पाचला फायनल. परत अडकलीस तर तुझ्या जागी दुसरी घेतो." दोन दिवस पोर धड जेवली नाही हो. मग ठरलं, रॅम वाढवायची, म्हणजे मेमरीची नवी पट्टी आत बसवायची. "पप्पा, काही नाही, चार स्क्रूंचं काम!"

चार? अकरा निघाले! त्यातला एक रबराखाली लपलेला. तो सापडेपर्यंत मी झाकण असं ओढतोय, असं ओढतोय, की वैष्णवी किंचाळली, "पप्पा, पंप नाहीये तो!"

आता आमच्या प्लांटचा नियम काय? मशीन उघडलं की आधी सप्लाय बंद, मग लाल पाटी. मी बॅटरीची पिन काढली, कागदावर लाल पेनानं लिहिलं, 'काम चालू आहे, हात लावू नये', टेबलावर ठेवलं आणि चष्मा आणायला आत गेलो. दोन मिनिटं! दोन मिनिटांत काय होतं? मोहिनी होते! आमची ही! आमच्याकडे स्कूटर असो, मिक्सर असो, हळदकुंकवाशिवाय नवीन वस्तू सुरू होत नाही. मग रॅम कशी सुटेल? हिनं ओल्या बोटानं कुंकू लावलं, आणि कुठे? त्या पट्टीचे खाचेत बसणारे सोनेरी दात असतात ना, त्यांच्यावर! का? तर तिथे शोभून दिसत होतं!

मला काय पत्ता? मी चष्मा लावून ऐटीत ती पट्टी तिरकी घातली, दाबली, टक्! बॅटरीची पिन जोडली, अकरा स्क्रू आवळले, बटण दाबलं. दिवे लागले, पंखा घुरघुरला... आणि स्क्रीन काळी! सव्वाचार वाजलेले. वैष्णवीचा चेहरा पांढराफटक. "पप्पा, काय केलंत?"

मी काय केलं? चार स्क्रूंचं काम केलं! परत अकरा काढले, बघतो तर दातांना कुंकू. म्हटलं, "अगं मोहिनी, पाटी वाचली नाहीस?"

"वाचली ना! म्हणून तर आधी हात धुऊन आले."

खोडरबरानं एकेक दात घासला, वैष्णवीच्या मेकअपच्या ब्रशनं खाच झाडली, मोहिनी टॉर्च धरून "हळू हो, हळू हो" करत होती... पट्टी बसवली, अकरा आवळले, बटण दाबलं, आणि स्क्रीन उजळली हो! तुम्हाला सांगतो, तिघंही टेबलाभोवती नाचलो. तेवढ्यात हिनं झाकणावर बाहेरून पुन्हा कुंकवाचं एक बोट टेकवलंच. म्हटलं टेकव, बाहेरून कितीही टेकव!

पाचला फायनल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मागे उभा राहून ओरडतोय, "अगं, मार त्याला!"

"पप्पा, तो आपला ओम आहे!"

एकदाही अडकला नाही लॅपटॉप. आणि शेवटचा गडी आमच्या वैष्णवीनं टिपला! तिनं उडी मारून माझ्या गळ्यात हात टाकले. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला बोलू? वाटलं, सत्तावीस वर्षांच्या नोकरीचं चीज झालं.

रात्री ओमचा फोन. "काका, मानलं! पुढच्या रविवारी आम्ही चौघंही लॅपटॉप घेऊन येतो, रॅम बदलायला."

छाती फुगली माझी. म्हटलं, "या की! मी घरीच आहे."

"तुम्ही नसलात तरी चालेल काका, स्क्रू आम्ही काढू. कुंकू लावायला काकू असतील ना?"

असतील म्हटलं, आणि फोन हिच्याच हातात दिला.