इंजिनावर फोडलेला नारळ

रिव्हिएर दू रांपार गावात शहराच्या बससाठी रांगेत उभा होतो. पुढे बाबूराव आणि त्यांची बायको कुंती. त्यांची जुनी मॉरिस मोटार शहरात दुरुस्तीला होती.

“मेकॅनिक काय म्हणाला, परत सांगा,” कुंती म्हणाली.

“तीनदा सांगितलं.”

“चौथ्यांदा सांगा.”

“प्लग चांगले आहेत. कॉइल चांगली आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत नारळाचं पाणी वाळलंय, म्हणून ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही.”

“नारळ कोणी फोडला?”

“गणपतीला मोटारीची पूजा आपल्याकडे सगळेच करतात.”

“सगळे चाकापुढे फोडतात. तुम्ही बॉनेट उघडून इंजिनावर फोडलात. मी नको म्हटलं, तर म्हणालात, देव पत्र्यात नसतो, यंत्रात असतो.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“त्या दिवशी नव्हते ऐकत? माझ्या भावाने नुसते प्लग पुसून दिले. तुम्ही गावच्या बैठकीत, सगळ्या भजनी मंडळींसमोर सांगितलंत, प्रेमने मोटार मुद्दाम बिघडवली. तेव्हापासून तो आपल्या दारात आलेला नाही.”

“मला काय ठाऊक?”

“ठाऊक नव्हतं, तर गप्प बसायचं. आता वाटेत पांप्लेमूसला त्याच्याकडे उतरायचं.”

“उद्या मी एकटा जाऊन बोलतो त्याच्याशी.”

“एकट्यात नाही. संध्याकाळी बैठकीत भजन आहे. त्याला घेऊन यायचं आणि जिथे बोललात, तिथेच सांगायचं.”

“आणि मी नाही उतरलो तर?”

“तर मी उतरते. मोटार नीट झाली तरी मला न्यायला येऊ नका.”

बस आली. कंडक्टरने तिकिटं विचारली.

“पांप्लेमूस. दोन,” बाबूराव खाली बघत म्हणाले.

“आणि येताना तीन,” कुंती म्हणाली.