एकशे अठरा किलोचा प्रश्न

मंडळी, ऐका! एक माणूस तोंडानं खोटा शब्द काढत नाही. पण खरं काय ते पोटात ठेवतो. तो खरा की खोटा? — सांगा! माना डोलवू नका, सांगा!

बरं, मीच सांगतो.

माळेवाडीच्या पट्ट्यात शिवदास खरमाटे म्हणून गुरांचे डॉक्टर. देह कसा? एकशे अठरा किलो! — माझ्याकडे बघू नका, हा प्रसादाचा महिमा! — पण हात असा हलका, की अडलेली गाय हात लागताच शांत व्हायची.

डॉक्टरांना विजेवर चालणारी मोटारसायकल घ्यायची होती. शोरूममध्ये गेले आणि मालकाला, भूषणला, उघड विचारलं, "माझं वजन एकशे अठरा. रोजचा घाट. एका चार्जिंगमध्ये किती जाईल?"

"एकशे दहा किलोमीटर, डॉक्टरसाहेब! कंपनीच लिहून देते!"

अहो, विचारलं काय, सांगितलं काय! पण साधा माणूस, विश्वास ठेवला.

महिना गेला. रोजच्या फेऱ्या जवळच्या, घरी आलं की चार्जिंग; गाडी कधी अडली नाही. एके दिवशी सकाळी डॉक्टर वीस किलोमीटर फिरून आले आणि फोन वाजला. माळेवाडीच्या हौसाबाई भोईटे! "डॉक्टर, गाय अडलीया! वासराचे पाय दिसत्यात, डोकं येईना! लवकर या!"

माळेवाडी तीस किलोमीटर. डॉक्टरांनी गाडीचा पडदा बघितला — अजून नव्वद किलोमीटर बाकी! निघाले.

सपाटीवर ठीक. घाट लागला आणि आकडा असा घसरला — पन्नास! तीस! बारा! तिसऱ्या वळणावर गाडी मेली. भर उन्हात. वर चार किलोमीटर चढ, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

काय केलं डॉक्टरांनी? बॅग खांद्यावर टाकली आणि चढले! एकशे अठरा किलो, मंडळी! छाती फुटायची वेळ आली. दर पावलाला मनात एकच — माझ्या या देहानं घात केला.

पोचले. हात घातला. गाय वाचली. वासरू… गेलं होतं.

डॉक्टर गोठ्यातच खाली बसले. "हौसाबाई, माझ्या वजनापायी वासरू गेलं."

हौसाबाईनं तांब्या पुढं केला. "आधी पाणी प्या. — वजन इकणाऱ्याला सांगितलं हुतं का न्हाई?"

"सांगितलं होतं."

"मग तुमच्यापायी कसं? चला, मला त्याचं त्वांड बघायचंय!"

दुसऱ्या दिवशी दोघं शोरूममध्ये. घाटात गाडी मेल्याचं सांगितलं, तर भूषण हसला. हसला, मंडळी! "डॉक्टरसाहेब, थोडं वजन उतरवा, गाडी पळेल की!" गिऱ्हाइकंही हसली. डॉक्टरांनी मान खाली घातली.

हौसाबाईनं मात्र काउंटरवरचं गाडीचं पुस्तक त्यांच्या हातात कोंबलं. "मला वाचता येत न्हाई. वाचा मोठ्यानं!"

शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात! डॉक्टरांनी वाचलं, "चाचणी — चालकाचं वजन पासष्ट किलो. सपाट रस्ता. वेग ताशी तीस."

"भूषण," डॉक्टरांनी ते पान त्याच्यापुढं धरलं, "तुला हे माहीत होतं?"

"…होतं."

"मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही गाडी घेतली असती का?"

हे ऐकलंत? त्याच्या आईला लाज वाटावी असं वाक्य! हौसाबाई पुढं झाली. "माझी गाय रातभर हंबरत हुती. मोकळा गोठा हुंगत हुती. तिला जाऊन सांग, गाडी खपवायची हुती म्हून!"

एक जाडजूड गृहस्थ सही करायला बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उठले. त्यांच्यामागून आणखी दोघं.

आता भूषण विचारतो — वजन किती, रस्ता कसा? — आणि मग आकडा सांगतो. आता! एक जीव गेल्यावर!

खोटाच तो! भूषणवर चिडलात ना? चिडा! पण इथं दुधाचे डेअरीवाले बसलेत, बियाणं विकणारे बसलेत, पोराचं लग्न जमवताना त्याचा आजार झाकणारेही बसलेत! तुम्हाला कुणी सरळ विचारलं, तेव्हा काय सांगितलंत? आणि काय गिळलंत?

देव अक्षरांचा आकार बघत नाही, बाबांनो. जे गिळलंत, तेच तो वाचतो! उद्या सकाळी त्या माणसाच्या दारात जा, राहिलेलं सांगा — आणि मग टाळ हातात घ्या. तोवर मला तुमचा गजर ऐकायचा नाही!