मुंजाजीचा काळा बाजा

मंडळी, रामराम.

बसा, बसा. मला भाषण करता येत न्हाई. मी लिंबाजी, बँडात मोठा ढोल वाजवणारा. मुंजाजीच्या डाव्या हाताला उभा राहून माझी जवानी गेली अन् म्हातारपण आलं. परवा त्याची तेरवी झाली. आज तुम्ही ही शोकसभा ठेवली. शाळेचं मैदान भरलं, कुंभार पिंपळगावचा बाजार असावा एवढी माणसं आलीत. मुंजाजीनं बघितली असती तर म्हणला असता, "लिंब्या, कुणाचं लग्न हाय रे? आपल्याला सुपारी कशी न्हाई?"

त्याच्याबद्दल बोलायला गेलं की मला रडू येत न्हाई, मंडळी, राग येतो. माझा स्वभावच तसा. मंग कुणाला बोचलं तर बोचू द्या.

माझ्या आधी मोठमोठी माणसं बोलली. एक जण म्हणले, मराठवाड्याचा सूर हरपला. दुसरे म्हणले, मुंजाजीच्या सॅक्सोफोनमध्ये मध होता मध. सरपंच म्हणले, तो आवाज अजून कानात घुमून राह्यला. मी मागं बसून ऐकत होतो. मनात म्हणलं, अरे बापा! यांच्या कानात एवढं घुमत होतं, तर तो जित्ता असताना कुणीच कामून सांगितलं न्हाई?

बाहेरगावचे पाव्हणे बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. मुंजाजी आमच्या शेषराव मास्तरच्या बँडात सॅक्सोफोन वाजवायचा. हैदराबादेतून जुनाच आणलेला. आणला तेव्हाच त्याचं पॉलिश उडालेलं होतं. पुढं पुढं तर तो पार काळा पडला, वाकणाजवळ हिरवट डाग. लोकांनी नावच पाडलं, काळा बाजा.

मुंजाजी काही देवमाणूस नव्हता. उगं मेलेल्याला हार घालून खोटं बोलायचं न्हाई. तिखट होता, हेकट होता. मिशीला तेल लावल्याबिगर घराबाहेर पडायचा न्हाई. वाजवताना कुणी "ए बँडवाल्या" म्हणून हाक मारली, तर अर्ध्या गाण्यात बाजा तोंडातून काढायचा अन् तोंड फिरवून उभा राहायचा. शेषराव मास्तर हात जोडायचे, "मुंजाभाऊ, माझी इज्जत ठेव." मंग कुठं पुन्हा फुंकायचा. पण फुंकायचा तेव्हा, काय सांगू! जांब समर्थला रामनवमीला आम्ही वाजवायला गेल्तो. आरतीच्या आधी त्यानं एक सूर असा लांबवला, असा लांबवला, की माझं टिपरू वरच्या वर राहिलं. ढोलावर पडायचं इसरून गेलं.

मंग लग्नात शूटिंगवाले आले. इथून सगळं बिघडलं.

त्याच्या आधी वरात लोकं ऐकायची. आता वरात दिसायला पाहिजे, असं झालं. हॅलोजनचा उजेड पडला की नवे बाजे चमकायचे, अन् मुंजाजीचा बाजा चुलीवरच्या तव्यासारखा दिसायचा. आबासाहेबांसारखी पुढारी मंडळी म्हणायला लागली, "तो काळा बाजा मागं घ्या." एवढंच म्हणले असते तरी चाललं असतं. पण न्हाई. वरून शहाणपण. "पॉलिश गेलं की आवाज बी जातो. सोनेरी बाजाचा आवाज कसा सोनेरी येतो!"

मुंजाजी चिडायचा. म्हणायचा, "आबासाहेब, रंगानं आवाज होतो का? मंग गुलालानं माखलेला माणूस गोड बोलला पाहिजे."

मी म्हणलं, तू पॉलिश करून टाक ना, कटकट मिटंल. तर म्हणला, "पॉलिश करणारे आधी चाकावर घासतात. घासला की पत्रा कमी होतो, भोकांवरची झाकणं बराबर बसत न्हाईत. चमक येईल, पण हवा सुटंल." हटवादी होता, पण सांगत होता ते खरं होतं.

आबासाहेब, तुम्ही आजचे अध्यक्ष, पुढंच बसलात. आठवतं का ते लग्न? तुमच्याच भावकीतलं. नवरदेव पारावर होता, मुहूर्ताला वेळ होता. नवऱ्याकडच्या लोकांनी जालन्याचा बँड आणलेला, त्यांच्याजवळ नवा कोरा सोनेरी सॅक्सोफोन. तुम्ही मांडवात म्हणले, "बघा, हा खरा बाजा. डोळे बांधून सांगीन मी कोणता कोणाचा."

मुंजाजी म्हणला, "डोळे कशाला बांधता? अंतरपाट धरा."

भटजी वरडले, "अरे, मुहूर्ताच्या आधी अंतरपाट काढायचा न्हाई!" कोण ऐकतो? दोन गड्यांनी अंतरपाट ताणून धरला. इकडं अख्खं वऱ्हाड, तिकडं मुंजाजी अन् दोन बाजे. नवरा-नवरीच्या आधी त्या दिवशी बाजांपुढं अंतरपाट धरला. दोन्ही बाजे मुंजाजीनंच वाजवायचे. तोंडात धरायचा तुकडा स्वतःचाच, तो एकाचा काढून दुसऱ्याला लावायचा, म्हणजे लबाडी नको. एक ओळ ह्याच्यावर, तीच ओळ त्याच्यावर.

वाजवलं. आबासाहेब, तुम्ही मांडीवर थाप मारली. "दुसरा! दुसराच सोनेरी. काय खणखणीत! पहिला ऐका कसा बसका, तो काळा." सगळ्या पुढाऱ्यांनी माना डोलावल्या. माझा मेव्हणा बी डोलला, गाढव.

अंतरपाट खाली घेतला. मुंजाजीच्या हातात काळा होता.

काय हसली माणसं! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अन् मुंजाजी काय म्हणला? "माझा जिंकला" असं न्हाई म्हणला. म्हणला, "आबासाहेब, सोनेरी बी चांगलाच हाय. दोघांत फरक न्हाई. फरक तुम्ही घरून आणला होता." घरी जाताना मला एकट्याला म्हणला, "लिंब्या, एका खालच्या सुरात मला जरासा फरक लागला बरं का. पण तो रंगाचा का झाकणाचा, देवालाच माहीत." असा माणूस! जिंकल्यावर बी स्वतःच्या मनात शंका ठेवणारा.

मंग काय झालं? मिळाला का त्याला मान? मान कसला! भर मांडवात मोठ्या माणसाला खाली बघायला लावलं, हा गुन्हा. आबासाहेब, तुम्ही तोंडानं काही बोलले न्हाईत. तुमची बोलायची गरजच नव्हती. पुढच्या मोसमाला भावकीतली लग्नं आमच्या बँडाला येईनात. शेषराव मास्तरांना बी पोट होतं. त्यांनी मुंजाजीला मागं नेलं. बत्त्यांच्या मागं, जनरेटरच्या गाड्याला लागून. पुढं दुसऱ्याच पोराला उभं केलं, भाड्याचा चमकता बाजा देऊन. त्याला वाजवता येत नव्हतं, पण तो दिसत होता. मुंजाजी जनरेटरच्या धडधडीत फुंकत राह्यला. कुणाला ऐकू येणार? तेव्हा वाद होता ना, बाजाचा आवाज कशानं बदलतो? जनरेटरनं बदलतो, मंडळी. कुठं उभं करता, त्यानं बदलतो.

पंगतीत तर आम्ही शेवटी बसायचोच. थंडगार बुंदी, तळाची भाजी. त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. पण मागं उभं केलं ते लागलं.

आता मुंजाजीच्या लेकीचं, सुमनच्या लग्नाचं सांगतो. सुमे, पोरी, तू पदर डोळ्याला लावू नको. तुझा त्यात तांदळाएवढा बी दोष न्हाई.

मुंजाजीला एकच पोर. त्यानं ठरवलेलं, लेकीच्या वरातीत मी पुढं उभा राहून वाजवणार. बाप वाजवणार, बस. व्याह्यांनी निरोप धाडला, "नवरीच्या बापाचा बाजा काळा? शूटिंग हाय, पाव्हणे हसतील. सोनेरी करा, न्हाईतर वाजवू नका." व्याहीबुवा, तुम्ही बी बसलात ना तिथं खांबाजवळ? बसा, बसा. आज उठून जाऊ नका.

आयुष्यात कुणापुढं न वाकलेला माणूस लेकीसाठी वाकला. म्हणला, "करा सोनेरी." जालन्याला पाठवून पॉलिश करायला वेळ नव्हता. मंग आबासाहेबांनी मोठ्या मनानं माणूस पाठवला. कोण? पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतो तो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याला म्हणले रंगव, त्यानं रंगवला. मुंजाजी पत्रिका वाटायला गेल्ता. आला तोवर बाजा तयार. बुडापासून शेंड्यापर्यंत, शिंग रंगवावं तसा, सोनेरी ऑइलपेंटचे दोन हात. झाकणं, तारा, झाकणाखालच्या चामड्याच्या गाद्या, सगळं एकजीव.

मुंजाजीची बायको, आमच्या गिरजावहिनी, कौतुकानं म्हणल्या, "अगंबाई, सोन्याचाच झाला!" मुंजाजीनं एक झाकण दाबलं. ते खाली गेलं अन् वर आलंच न्हाई. त्यानं दुसरं दाबलं. मंग तो ओट्यावर बसला. मला बोलावलं. आम्ही दोघांनी ब्लेडनं खरडलं, रॉकेलच्या चिंधीनं पुसलं. थोडी झाकणं सुटली. बाकीची न्हाई.

लग्नाच्या दिवशी नवा सदरा घालून, मिशीला तेल लावून तो सगळ्यांच्या पुढं उभा राह्यला. हॅलोजन पडला. चमकला, मंडळी, काय चमकला! अन् त्यानं फुंकलं. रेडकू वरडावं तसा आवाज आला. पुन्हा फुंकलं. तसाच. पोरं हसली. मी ढोल जोरात वाजवायला लागलो, झाकून जावं म्हणून. तो फुंकत राह्यला, बोटं चालवत राह्यला, तोंड लालबुंद. अन् वऱ्हाडातून कुणीतरी म्हणलं, माझ्या कानांनी ऐकलं मी, "वा! आता कसा शोभून राह्यला!"

शोभला. बिलकुल शोभला.

त्या लग्नाची कॅसेट आली तेव्हा आम्ही सुमनच्या घरी बघायला गेल्तो. मुंजाजी पुढं दिसतो, गाल फुगवून वाजवताना. पण शूटिंगवाल्यानं आवाज काढून टाकला अन् वर सिनेमाचं गाणं चढवलं. रीतच हाय ती त्यांची. मुंजाजी टीव्हीकडं बघत होता. म्हणला, "बरं झालं." चहा न पिता उठला. मंडळी, त्या माणसाचं एवढं आयुष्य वाजवण्यात गेलं, अन् त्याच्या वाजवण्याचा एक सूर कुठंच उरलेला न्हाई. एकच कॅसेट हाय, अन् तिच्यात दुसऱ्याचंच गाणं हाय.

त्यानं बाजा खुंटीला टांगला. मी म्हणलं, "चल हैदराबादला, गाद्या बदलून आणू, रंग उतरवू." तो म्हणला, "कुणासाठी?" मी लई वेळा इचारलं. त्याचं उत्तर तेच. त्यानंतर त्यानं फुंकलंच न्हाई. शेतावर मजुरीला जायचा. मिशीला तेल लावायचं बी सोडलं. डॉक्टर म्हणले छातीचा आजार. असंल. मी काय डॉक्टर न्हाई.

अन् आज सभेत ठराव काय झाला? तर मुंजाजीचा बाजा जालन्याला पाठवून झकास पॉलिश करायचा अन् ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात ठेवायचा. स्मृती म्हणून! अरे, कसली हौस ही तुमची? माणूस मेला तरी बाजा चमकवायचाच हाय का? कपाटात ठेवून तो कुणाला दिसणार, अन् काय दिसणार? तुमचा मोठेपणा दिसणार.

गिरजावहिनी तिकडं बायकांत बसल्यात. त्यांनी मला सकाळीच बजावलंय, "भाऊजी, भर सभेत सांगा. बाजा मिळणार न्हाई. हातच लावू देणार न्हाई कुणाला." तर सांगून टाकलं. सरपंच, ठराव खोडा. आत्ताच खोडा, आमच्या देखत.

तुमचं एक म्हणणं मात्र मी आज कबूल करतो, आबासाहेब. रंगानं आवाजावर परिणाम होतो. तुम्ही लावलेल्या रंगानं झाला. पार मेला आवाज.

आता सरपंच घड्याळ बघून राह्यले. दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची, अशी रीत हाय. मी ती मागणार न्हाई. शांतता त्याला आपण जित्तेपणीच भरपूर दिली. अजून किती द्यायची?

माझा ढोल तिथं शाळेच्या ओट्यावर ठेवलाय. मी आता वरातीचा ठेका वाजवणार. शोकसभेत ढोल चालत न्हाई, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल उठून जावं. त्या ठेक्यात एक जागा यायची. तिथं मी हात थांबवायचो अन् मुंजाजी एकटा वाजवायचा. त्या जागेवर मी आज बी थांबणार हाय. तिथं कुणी खोकू नका, कुणी रडू नका. नुसतं ऐका, तिथं काय न्हाई ते.

मुंजाभाऊ, रामराम घे. वाजवतो.